लॅटिनमधल्या चार ओळी

"शरयूबाई, ही लॅटिन नव्हे. ही किराणा मालाची यादी आहे," तुस्कानो सर म्हणाले आणि मी नेलेला कागद त्यांनी चहाच्या बशीखाली सरकवला.

कागदावर एका वेलीचं वर्णन होतं. पानं समोरासमोर, देठ आखूड, फूल एकटं, नळीसारखं, आतून जांभळट. वनस्पतिशास्त्रात तेव्हा नियम होता की नवी जात जगापुढे मांडायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये छापलं पाहिजे. ते नसेल तर ती जात सापडलीच नाही असं धरत. पुण्यातल्या आमच्या संस्थेत लॅटिन कोणालाच येत नव्हती. जुन्या ग्रंथातलं एखादं वर्णन समोर ठेवायचं, त्यातले चार शब्द बदलायचे आणि छापायचं, अशी रीत होती. मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होते, सव्वीस वर्षांची, आणि न समजता उतरवून काढणं मला जमत नव्हतं. म्हणून १९८४च्या जूनमध्ये मी पत्ता शोधत घोरपडीतल्या त्या दोन खोल्यांत गेले.

पास्कल तुस्कानो मूळचे वसईचे, वय सत्तर. पाद्री घडवणाऱ्या एका विद्यालयात त्यांनी बावीस वर्षं लॅटिन शिकवली होती. पुढे चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनऐवजी मराठीत आली, लॅटिनचे तास कमी होत गेले, आणि सरांनी पाद्र्याचा झगाही उतरवला. आता ते एका छापखान्याची मुद्रितं तपासत. नोकरी गेल्याचं ते हसत सांगत. "मिस्सा मराठीत झाली त्या रविवारी माझी आई चर्चमध्ये रडली. साठ वर्षं ती बाई नुसती गुडघ्यावर बसून ऐकत होती. मी म्हटलं, जाऊ दे माझा पगार."

त्यांची एक अट होती. अर्धा तास माझी झाडं, अर्धा तास त्यांचा वकील.

वकील म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमचा एक वक्ता. त्याचं नाव सर क्वचितच घेत. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. वकील गर्विष्ठ होता, वकिलाला स्वतःची स्तुती फार आवडे, वकिलाची मुलगी गेली तेव्हा तो कित्येक दिवस माणसांत आला नाही, एका खेड्यातल्या घरात बसून लिहीत राहिला. त्याची भाषणं, पत्रं, म्हातारपणावरचा आणि कर्तव्यावरचा मजकूर, हे सगळं सरांकडे एका लाकडी पेटीत होतं, पानांना वाळवी लागलेलं.

सुरुवातीला मी तो अर्धा तास सोसला. मग एका बुधवारी सरांनी एक लांबच लांब वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सोडवायला सांगितलं. मी ते फूल उलगडावं तसं उलगडलं, आधी बाहेरचा भाग, मग आतला, मग त्याच्याही आतला. क्रियापद मराठीसारखंच अगदी शेवटी होतं. तोवर वाक्य आरोप करतंय की क्षमा मागतंय हे कळत नव्हतं. शेवटच्या शब्दाला आरोप कळला, आणि माझ्या अंगावर काटा आला. सर माझ्याकडे बघत होते. "यादीत असं होतं का कधी?" ते म्हणाले. त्यानंतर मी अर्ध्या तासाची वेळ बघणं सोडून दिलं.

वकिलाचा शेवटही त्यांनीच सांगितला. सत्ताधाऱ्यांनी त्याचं डोकं तोडलं, हातही तोडले, आणि ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा तिथेच खिळ्यांनी ठोकले.

मी विचारलं, हात का?

"लिहायचा ना त्या हातांनी," सर म्हणाले.

ती वेल आम्हाला दाखवली देऊ मेंगाळनं. तो ठाकर होता, अकोले तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा, सडसडीत. आमची तुकडी डोंगरात गेली की संस्था त्याला रोजंदारीवर घेई. झाडं ओळखण्यात तो आमच्या पुढे होता. आदल्या वर्षी त्यानं एक फांदी आणून दिली. मी ती भिंगाखाली धरली आणि म्हटलं की ही खरपुडी आहे. खरपुडीचे कंद ती माणसं खातात, त्यामुळे तो हसला. "नाय बाई. ही खरपुडीची बहीन. तोंड तेच, चाल येगळी." संस्थेत आल्यावर तीन महिने मी ग्रंथ चाळले. तो म्हणाला तसंच होतं. पण त्या फांदीला वाटेत बुरशी लागली होती. पुराव्यासाठी पूर्ण झाड हवं होतं, फुलासकट, कंदासकट.

माझे मार्गदर्शक डॉक्टर कोरान्ने तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांच्या नावावर एकही नवी जात नव्हती. ते वाईट होते असं मला म्हणता येत नाही. डोंगरात ते स्वतःच्या डब्यातलं आधी देऊला वाढत. मला शाळेतल्या मुलीसारखं एकेरी हाक मारत आणि माझ्या वडिलांच्या आजारपणात दोनदा घरी येऊन गेले होते.

बारा सप्टेंबरला आम्ही तिघं कड्याखाली पोचलो. वेल वर होती, साधारण पस्तीस फुटांवर, एका फटीत. दगड ओला होता. माझ्या गळ्यात नोंदवही असे आणि हात सवयीनं लिहीत राही: वेळ, उंची, दगडाचा प्रकार, ढग. म्हणून त्या दिवशीचं मला आठवतं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे ते लिहिलेलं आहे.

देऊनं कड्यावर हात फिरवला, बोटं हुंगली आणि म्हणाला, "सायेब, दोर आनतो गाडीतनं. शेवाळ धरलंय."

गाडी खाली रस्त्यावर होती. जाऊन येऊन तास लागला असता. डॉक्टरांनी पश्चिमेकडे पाहिलं.

"तासाभरात धुकं उतरेल, देऊ. मग फोटोही नाही. तू काय आज पहिल्यांदा चढतोयस?"

देऊ माझ्याकडे बघून जरासा हसला, म्हणजे बघा, सायेबांना घाई. मी लिहिलं: ११.४०. देऊ दोर मागतो. डॉ. नको म्हणतात. मग त्यानं कमरेला फडकं बांधलं आणि तो चढला.

तो फटीपर्यंत पोचला. लोखंडी खुरप्यानं माती उकरण्याचा आवाज येत होता. त्यानं झाड फडक्यात घेतल्याचंही मी पाहिलं. उतरताना पाय सुटला. तो ओरडला नाही. खाली आल्याचा आवाजही मोठा नव्हता, ओलं पोतं टाकल्यासारखा.

डॉक्टर त्याच्या छातीवर कान ठेवून बराच वेळ बसले होते. नंतर ते उठले, त्याच्या कमरेचं फडकं सोडलं. झाड शाबूत होतं. दोन फुलं, एक कळी आणि सुपारीएवढा कंद, एक ओरखडाही नाही. त्यांनी ते वर्तमानपत्राच्या घडीत पसरलं. कागद मी धरला.

परतताना गाडीत देऊ मागे होता, चादरीखाली. डॉक्टर पुढे बघत म्हणाले, "तू मागे होतीस, शरयू. लिहीत होतीस. तुला ऐकू आलं नसेलच."

मी काही म्हटलं नाही. त्यांनी ते उत्तर धरलं.

संस्थेनं चौकशी नेमली. डॉक्टरांनी लिहून दिलं की जेवणाच्या सुटीत देऊ मेंगाळ स्वतःहून, खायचे कंद काढायला कड्यावर चढला. ते राखीव जंगल होतं, तिथे कंद खणणं हा गुन्हा होता. म्हणजे तो कामावर मेला नाही एवढंच नव्हे, चोरी करताना मेला. माझी साक्ष एका गुरुवारी होती.

बुधवारी मी तासाला गेले. सरांना मी अपघात झाला एवढंच सांगितलं होतं. त्या आठवड्यात आम्ही वकिलाचं अगदी तरुणपणीचं एक भाषण वाचत होतो. एका माणसावर बापाच्या खुनाचा आळ आला होता. आळ घेणाऱ्यांच्या पाठीशी हुकूमशहाचा लाडका माणूस होता, त्यामुळे मोठमोठे वकील उठायला तयार नव्हते. हा उठला.

मी विचारलं की तेव्हा त्याचं वय काय होतं.

"सव्वीस."

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर. भाषण सुरू होतं तेच भीतीपासून. लपवत नाही तो." सर पान उलटता उलटता थांबले. "का गं?"

काही नाही, असं मी म्हटलं, आणि उरलेला वेळ आम्ही माझ्या वेलीच्या पानांच्या कडांबद्दल बोललो.

गुरुवारी तीन जण टेबलापलीकडे होते. डॉक्टर खिडकीशी. प्रश्न सोपा होता: मृतानं दोर मागितला होता का? मांडीवरच्या पिशवीत नोंदवही होती. मी म्हटलं, मी लिहीत होते, माझं लक्ष नव्हतं. सव्वादोन मिनिटांत साक्ष संपली. समोर भिंतीवर घड्याळ होतं.

बाहेर व्हरांड्यात देऊची बायको चिमाबाई बसली होती. पहाटेची एस.टी. धरून आली होती. तिला आत कोणी बोलावलं नव्हतं. मला बघून ती उठली.

"बाई, तुमी होता ना तिथं? पाड्यावर समदी म्हंत्यात, देऊ चोर म्हनून मेला. त्यो चोराया चढला नवता, येवढं सांगा फकस्त. दुसरं काय नको."

"आत सगळं सांगितलंय," मी म्हणाले.

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला.

निकाल डॉक्टरांच्या कागदाप्रमाणेच लागला.

ऑक्टोबरमध्ये मी वर्णन लिहायला घेतलं. झाड उत्तम वाळलं होतं. लेखावर दोन नावं येणार होती, कोरान्ने आणि मोघे, म्हणजे मी, आणि जातीच्या नावापुढेही ती दोन्ही कायमची जोडली जाणार होती. पानं, देठ, फूल, कंद असं सगळं मी लॅटिनमध्ये लिहिलं, आणि खरोखर चांगलं लिहिलं. शेवटी नमुना कुठे मिळाला, कोणी गोळा केला, हे द्यायचं असतं. तिथे मी चार ओळी जास्त लिहिल्या. हे झाड देऊ मेंगाळ यानं कामावर असताना काढलं. त्यानं दोर मागितला, तो त्याला मिळाला नाही. तो झाड घेऊन पडला आणि मेला. जवळ उभ्या असलेल्या एका व्यक्तीनं हे ऐकलं.

डॉक्टरांनी लॅटिनची दोन पानं चाळली, भाषा भारदस्त झाली आहे म्हणाले आणि सही केली. संस्थेच्या नियतकालिकाचे संपादक तेच होते. छापखान्यात जुळाऱ्यानं शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा लावला. मुद्रितं मी तपासली.

त्या दोन महिन्यांत मला झोप लागू लागली होती. आमच्या शास्त्राचा नियम असा की वर्णन एकदा छापून आलं की ते जगाच्या नोंदीत जातं. लंडन, पॅरिस, जिनिव्हा, जिथे जिथे वनस्पतींची संग्रहालयं आहेत तिथे ते पोचतं, आणि कोणालाही ते मागे घेता येत नाही. मी सांगितलं होतं. खोडता येणार नाही अशा ठिकाणी सांगितलं होतं.

जानेवारीत छापील लेख घेऊन मी घोरपडीला गेले. सरांना तो आधी दाखवला नव्हता. त्यांच्या एकाही दुरुस्तीशिवाय लिहिलेली ही माझी पहिली लॅटिन होती. त्यांनी भिंग घेतलं. फुलापाशी येईपर्यंत त्यांची मान डोलत होती. मग ती थांबली. शेवटचा भाग त्यांनी दोनदा वाचला.

"हे खरं आहे?"

मी हो म्हटलं. मग सगळं सांगितलं: कडा, नोंदवही, कागदाची घडी, साक्ष. व्हरांडाही सांगितला.

सरांनी भिंग खाली ठेवलं. "वाक्यं निर्दोष आहेत," ते म्हणाले. "वकिलाला आवडली असती. किती जणांना समजतील?"

"ज्याला लॅटिन येते त्या प्रत्येकाला. जगात कुठेही."

"देऊच्या बायकोला?"

"तिला मराठीसुद्धा वाचता येत नाही, सर."

आवाज त्यांनी चढवला नाही. "वकील लॅटिनमध्ये का बोलायचा, ठाऊक आहे? चौकातला भाजीवाला लॅटिन बोलत होता म्हणून. जी भाषा तुला हे पुरून ठेवायला सोयीची वाटली, ती त्यांच्या बाजाराची भाषा होती, शरयू."

त्यांनी मला कधी नुसतं शरयू म्हटलं नव्हतं.

ते म्हणाले की उद्याच अकोल्याची गाडी धरू. मी सोबत येतो. पाड्यावर जाऊ, चार माणसं जमवू आणि तू मराठीत सांग. नोंदवही घे, संस्थेचं नंतर बघू.

"मार्चमध्ये माझी तोंडी परीक्षा आहे," मी म्हणाले. "डॉक्टरच परीक्षक नेमणार आहेत. मार्च झाला की जाऊ."

सरांनी लेखाची घडी घातली. हा माझ्याकडे राहू दे, म्हणाले. मी जिना उतरत असताना त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या बुधवारी गेले तर शेजारणीनं सांगितलं की मास्तर गावाला गेलेत. त्यापुढच्या बुधवारी मी गेले नाही.

मार्चमध्ये मला पदवी मिळाली, जूनमध्ये डेहराडूनला नोकरी. सर १९८७ साली वारल्याचं छापखान्याच्या मालकाच्या कार्डावरून कळलं. डॉक्टर पुष्कळ जगले. त्यांच्या सत्कारातही त्या वेलीचा उल्लेख झाला. सत्तावीस वर्षांत जगातल्या कोणीही मला त्या चार ओळींबद्दल एक पत्र पाठवलं नाही.

२०१२ साली नियम बदलला. नव्या जातीचं वर्णन आता इंग्रजीतही चालणार होतं. माझ्या विभागातल्या मुलींनी पेढे वाटले, सुटलो म्हणाल्या. मी पेढा घेतला. त्याच मे महिन्यात मी रजा टाकून अकोल्याला गेले आणि तिथून जीपनं पाड्यावर.

चिमाबाई अंगणात सूप घेऊन नाचणी पाखडत होत्या. केस पांढरे, कान जड झालेले. त्यांनी मला ओळखलं नाही. सरकारी कामावरच्या बाया येतात त्यांपैकी मी एक असेन असं धरून त्यांनी पाट दिला. मी जवळ वाकून देऊचं नाव घेतलं, तेव्हा त्या आपण होऊन बोलायला लागल्या.

"त्यो चोर नवता. ते समद्यांना ठावं हाये. लई वर्सामागं एक म्हातारा आलता, किरिस्ताव, गळ्यात कुरूस. थंडीत आला, पायी चढून. देवळाम्होरं समद्यांना बशिवलं. छापील कागद काढला आन् वाचला. वाचायचा त्यांच्या भाषेत, मंग सांगायचा आपल्यात. देऊनं दोर मागितला. दोर दिला न्हाई. कामाव मेला." त्यांनी सूप थांबवलं. "दोन दिस राह्यला हितं. ज्याला म्हनल त्याला परत वाचून दावायचा."

मी पाटावर बसून होते.

"शेवटाला व्हतं का, जवळच्या एका मानसानं ह्ये ऐकलं. मी इचारलं, कोन मानूस? त्यो म्हनला, कागदाव नाव न्हाई. मी म्हनलं, तुमाला ठावं आसंल. तर म्हनला, ठावं हाये, पन ते माझ्या तोंडून नको. ते मानूस यील." चिमाबाईंनी नाचणीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्हातारा खोटं बोलनारा वाटत नवता. पन कोन न्हाई आलं."

"मी," मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला. "आँ?"

"मी होते ती."

"मोठ्यानं बोल बाय. ऐकू येत न्हाई."

शेजारच्या ओट्यावर दोन बाया भांडी घासत होत्या. देवळाच्या पारावर चारपाच माणसं बसली होती. मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. वर्गात मागची मुलं नेहमी तक्रार करत. मी उठून उभी राहिले.

"तो माणूस मी होते. त्यानं दोर मागितला ते मी ऐकलं. लिहूनसुद्धा ठेवलं. आणि विचारलं तेव्हा मी ऐकलं नाही म्हणून सांगितलं."

भांडी घासणं थांबलं. पारावरची माणसं वळून बघायला लागली. मी पिशवीतून नोंदवही काढली आणि ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. पेन्सिलची अक्षरं पुसट झाली होती पण वाचता येत होती. चिमाबाईंनी पानाकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि व्हरांडा त्यांना केव्हा आठवला ते मला दिसलं.

"आत सांगितलंय म्हनली व्हतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तुझ्या पाया पडले व्हते."

मी मान हलवली. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि पाखडायला लागल्या. मी उभीच होते, वही हातात उघडी. वाऱ्यानं नाचणीचा कोंडा तिच्या पानांवर येऊन बसत होता.